सहावी गणित: वही तपासताना दशांश अपूर्णांकांतले गैरसमज कसे ओळखायचे, आणि शेरा काय लिहायचा?

सहावी_गणित

मराठी माध्यमाचा सहावीचा वर्ग, पट ४२. दशांश अपूर्णांकांचा घटक शिकवून झाला आहे. वह्या नियमित तपासल्या जातात. चुकलेल्या उदाहरणावर फुली, शेजारी बरोबर उत्तर, आणि मुले ते पाच वेळा दुरुस्ती म्हणून लिहून आणतात. पंधरा दिवसांनी चाचणी घेतली की त्याच चुका पुन्हा. वह्यांतले नमुने देतो:

०.३५ > ०.६
२.४ + ३ = २.७
२.५ × १० = २.५०
०.३ × ०.२ = ०.६

शेरे साधारण असे असतात: "दशांश चिन्हाकडे लक्ष दे", "स्थानिक किंमत पाहा", "सराव कर". फरक पडत नाही. मुलाच्या डोक्यात नेमके काय चालले आहे हे वहीवरून कळायला काय करावे? आणि कळल्यावर वहीत असे काय लिहावे, की मूल विचार बदलेल, नुसते उत्तर बदलणार नाही?

वहीतपासणी

सर, ही चारही उत्तरे निष्काळजीपणाची नाहीत. प्रत्येकामागे एक नियम आहे आणि मूल तो प्रामाणिकपणे पाळते आहे. फुली त्याला एवढेच सांगते की उत्तर चुकले. नियम चुकला आहे हे त्याला कळतच नाही, म्हणून पुढच्या वेळी तोच नियम पुन्हा वापरला जातो.

आधी लहान-मोठेपणाचे घ्या, कारण बाकीच्या चुकांचे मूळ बऱ्याचदा तिथेच असते. यात दोन उलटसुलट गैरसमज असतात.

पहिला, "लांब तो मोठा". दशांश चिन्हापुढचे अंक मूल पूर्ण संख्येसारखे वाचते. पस्तीस सहापेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठा. आपण वर्गात "पॉइंट पस्तीस" म्हणतो तेव्हा याला खतपाणीच घालतो. "तीन दशांश पाच शतांश" किंवा निदान "पॉइंट तीन पाच" असे वाचायला हवे.

दुसरा, "आखूड तो मोठा". हे मूल अर्धे शिकलेले असते. दशांश मोठे, शतांश लहान हे त्याला पाठ आहे. त्यावरून ते ठरवते की ज्याच्या शेवटी शतांश येतात ती संख्या लहान, म्हणून २.३ हा २.३७ पेक्षा मोठा. काही मुले इथे व्यवहारी अपूर्णांक आणतात: १/३ हा १/४ पेक्षा मोठा, तर ०.३ हाही ०.४ पेक्षा मोठा.

आता तुमचा "स्थानिक किंमत पाहा" हा शेरा या दुसऱ्या मुलाच्या जागी बसून वाचा. त्याने स्थानिक किंमत पाहिलीच आहे, त्यावरूनच तर त्याने चुकीचा निष्कर्ष काढला. तो शेरा त्याचा गैरसमज पक्का करतो. म्हणून आधी निदान, मग शेरा.

निदानासाठी सहा जोड्या पुरतात, दहा मिनिटांचे काम:

१) ०.३५ आणि ०.६
२) ४.८ आणि ४.६३
३) २.३७ आणि २.३
४) ०.४ आणि ०.३
५) ३.०७ आणि ३.४
६) ५.२ आणि ५.२०

"लांब तो मोठा" वाला १, २ आणि ६ चुकवतो, ३ आणि ४ बरोबर सोडवतो. पाचवी जोडी बहुधा चुकवतो, कारण ०७ म्हणजे सात, आणि सात चारपेक्षा मोठे. "आखूड तो मोठा" वाला १, २ आणि ५ अगदी बरोबर सोडवतो, ३ आणि ६ चुकवतो. चौथी चुकली तर त्याच्या डोक्यात १/३, १/४ आहे असे समजा.

आता गुण मोजून बघा. पहिल्याला सहापैकी दोन, दुसऱ्याला सहापैकी चार. गुणपत्रकात दुसरा "जवळजवळ जमले" या गटात जातो, पण पहिल्याइतकाच तोही चुकीच्या वाटेवर आहे. आणि स्वाध्यायात नुसत्या १ व २ सारख्या जोड्या असल्या तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. बरोबरची खूणसुद्धा गैरसमज झाकून ठेवते, ती अशी. त्यामुळे किती चुकले यापेक्षा कोणते चुकले हे पाहायला हवे.

कागदावरून खात्री होत नसेल तर मुलाला जवळ बोलावून तीन प्रश्न विचारा. चूक-बरोबर काही न म्हणता:

"०.३५ आणि ०.६, मोठी संख्या कोणती?" "०.३५. पस्तीस मोठे ना."
"बरं. आणि ०.३५ आणि ०.६० मध्ये?" "०.६०."
"मग ०.६ आणि ०.६० मध्ये?" "०.६० मोठी. सहा आणि साठ."

तिसऱ्या उत्तराने निदान पक्के होते. इथे समजावायला सुरुवात करू नका, नोंद करा आणि पुढच्या मुलाला बोलवा. तिथल्या तिथे समजावले तर बाकीचे कान टवकारून ऐकतात आणि तेच उत्तर पाठ करून येतात.

फळा_आणि_पट्टी

वरच्या निदानाला पूरक म्हणून शेऱ्यांबद्दल लिहिते.

मुलाच्या नियमाची गाठ त्याला स्वतःला पटणाऱ्या गोष्टीशी पडेल, असे एक छोटे काम म्हणजे शेरा. पंधरा शब्दांच्या आत, आणि मुलाला त्याखाली काहीतरी लिहावे किंवा काढावे लागेल असा. "नीट विचार कर" यात करण्यासारखे काही नाही. "०.६ मोठा आहे" यात करण्यासारखे काही उरत नाही.

"लांब तो मोठा" साठी आलेख कागदावर १० सेंमी बाजूचा चौरस घ्या. त्यात एक सेंमीच्या १०० चौकटी येतात. शेरा: "पूर्ण चौरस म्हणजे १. ०.६ आणि ०.३५ रंगव. चौकटी मोजून खाली लिही." काही मुले ०.६ साठी सहाच चौकटी रंगवतील. रंगवू द्या, तो गैरसमजच कागदावर आलेला असतो. मग पुढचा प्रश्न: "चौरसाचे दहा सारखे भाग कर. एका भागात किती चौकटी?" दहा येतात, म्हणजे ०.१ म्हणजे एक उभी पट्टी. ०.६ म्हणजे सहा पट्ट्या, ६० चौकटी. ०.३५ म्हणजे तीन पट्ट्या आणि वर पाच चौकटी. सहा चौकटींचे आधीचे रंगकाम पुसायला लावू नका, शेजारी दुसरा चौरस काढायला सांगा. दोन्ही समोर असले की मूल स्वतः तुलना करते.

"आखूड तो मोठा" साठी चौरस तितका चालत नाही, कारण हे मूल रंगकाम बरोबर करते आणि तरी नियम सोडत नाही. त्याला हे लिहा: "२.३ मध्ये ७ शतांश मिळवले. संख्या वाढली की घटली? आता २.३७ कुठे?" मिळवल्यावर संख्या घटत नाही यावर त्याचा विश्वास असतो, तोच इथे उपयोगी पडतो. १/३ वाल्या मुलाला संख्यारेषा द्या, ० ते १, दहा सारखे भाग, आणि ०.१ पासून ०.५ पर्यंत खुणा करायला सांगा.

पैशांची उदाहरणे जपून वापरा. ३.५ रुपये म्हणजे "तीन रुपये पाच पैसे" असे वाचणारी मुले हमखास असतात. पैशांत दोन अंक नेहमीच दिसतात, म्हणून ३.५० बरोबर येते आणि ३.५ ला घोटाळा होतो. मीटर-सेंटिमीटरमध्येही हाच धोका आहे, पण तिथे शिंप्याची टेप हातात देऊन ०.६ मीटर मोजायला लावता येते. पावणेतीन, सव्वादोन, अडीच हे शब्दही अधूनमधून दशांशात लिहायला द्या. पावणेतीनला ३.७५ लिहिणारे मूल "तीन" ऐकून थांबले आहे. ती चूक भाषेची, दशांशाची नाही, तिच्यावर उपाय वेगळा.

आता क्रिया.

२.४ + ३ = २.७ मागचा नियम: बेरजेत संख्या उजवीकडून एकाखाली एक मांडायच्या. पूर्ण संख्यांत तो चालत होता. इथे "चिन्हाखाली चिन्ह" शिकवले तरी ३ ला चिन्हच दिसत नाही, म्हणून मूल पुन्हा उजवीकडेच जाते. शेरा: "२.४ लीटर दुधात ३ लीटर दूध ओतले. उत्तर ३ पेक्षा कमी येईल का?" आधी अंदाज लिहायचा, मग मांडणी करायची. अंदाजाचा रकाना वहीच्या समासातच आखून घ्या.

२.५ × १० = २.५० मागचा नियम: दहाने गुणले की शेवटी शून्य द्यायचे. शेरा: "२.५ + २.५ किती? हे दोनदाच झाले. दहा वेळा घेतले तर?" दोनदा घेऊनच पाच होतात हे पाहिल्यावर २.५० वर मूल स्वतः काट मारते. हे मूल ५.२ आणि ५.२० ची सहावी जोडी चुकवते का, तेही तपासा. बऱ्याचदा मूळ एकच असते.

०.३ × ०.२ = ०.६ हे सर्वांत चिवट. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: बेरजेसारखे चिन्ह जागच्या जागी ठेवणे, आणि गुणाकाराने संख्या वाढतेच ही समजूत. "चिन्हापुढचे अंक मोजा" हा नियम सांगितला की उत्तर सुधारते आणि समजूत तशीच राहते. त्याच शंभर चौकटींच्या चौरसात तीन उभ्या पट्ट्या एका रंगाने, दोन आडव्या पट्ट्या दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग जिथे एकावर एक येतात त्या चौकटी सहा, शंभरातल्या सहा, म्हणजे ०.०६. मग लिहा: "०.०६ हे ०.३ पेक्षा लहान कसे आले?" उत्तर एका वाक्यात मागा.

सहावी_गणित

जोड्यांची चाचणी घेण्यासारखी आहे. दोन अडचणी. ४२ वह्यांत असे वेगवेगळे शेरे लिहायला वेळ कुठून आणायचा? आणि आकारिक मूल्यमापनासाठी गुण तर द्यावेच लागतात. शिवाय एखादे मूल सहज घाईत चुकले असेल तर त्याच्या मागे एवढे लागायचे का?

नोंदवही

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावरच वेळेचे गणित अवलंबून आहे.

घाईची चूक आणि गैरसमज यांत फरक सातत्याचा. एकाच प्रकारच्या चार उदाहरणांत एक चुकले आणि "पुन्हा वाच" म्हटल्यावर मुलाने स्वतः दुरुस्त केले, तर ती घाई. तीन किंवा चार चुकली, सगळी एकाच दिशेने, आणि मूल कारणही सांगते, तर तो गैरसमज. घाईच्या चुकीखाली नुसती रेघ ओढा, काही लिहू नका. इथेच निम्मा वेळ वाचतो.

उरलेल्या वह्यांचे ढीग करा. सहा जोड्यांचा कागद एका नजरेत वाचून होतो, एकाला अर्धा मिनिट. कोपऱ्यात पेन्सिलीने एक अक्षर टाका: ल (लांब तो मोठा), आ (आखूड तो मोठा), ठी (ठीक), आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी प्रश्नचिन्ह. शेरा वेगवेगळा लिहायचाच नाही. ल साठी एक काम, आ साठी एक काम, फळ्याच्या दोन बाजूंना लिहा. वहीत फक्त अक्षर, मुलांनी आपापल्या अक्षराचे काम करायचे. ठी गटाला "०.३ आणि ०.४ यांच्या मधल्या पाच संख्या लिहा" हे द्या. प्रश्नचिन्हवाल्या चार-पाच मुलांना जवळ घ्या, तुमचा वेळ तिथे जाऊ द्या. अक्षराचा अर्थ वर्गात जाहीर करू नका. तो कळला की ल गट म्हणजे ढ गट असे व्हायला दोन दिवस लागत नाहीत. अक्षरे दर वेळी बदलली तरी चालतात.

आणि या कामासाठी तासिकेतली पंधरा मिनिटे राखा. शेरा घरी वाचण्यासाठी सोडला तर वाचला जात नाही. वही परत दिली की पहिली पंधरा मिनिटे फक्त शेऱ्यावरचे काम, त्या वेळी नवीन काही शिकवायचे नाही. पाच वेळा दुरुस्ती लिहून आणणे बंद करा. तिसऱ्या ओळीपासून मूल वरची ओळ पाहून खाली उतरवत असते, त्यात गणित नसते.

गुणांबद्दल: रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त शेरे, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा मिळाला नाही. वर्गात पाहिले तर कारण लगेच दिसते: वही हातात आली की मूल आकडा शोधते, शेजाऱ्याचा आकडा बघते, वही मिटते. म्हणून गुण तुमच्या नोंदवहीत लिहा, मुलाच्या वहीत नको. काम पूर्ण झाल्यावर दोन-तीन दिवसांनी गुण सांगा. आकारिकची नोंद त्याने कुठेही अडत नाही. उलट वर्णनात्मक नोंदीला खरा मजकूर मिळतो: "दशांशांची तुलना करताना अंकांच्या संख्येवरून ठरवत होता, आता पट्ट्या पाहून ठरवतो." दर सत्रात "गणितात प्रगती आहे" लिहिण्यापेक्षा पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना हे कितीतरी उपयोगाचे. पालक विचारतात की वहीत गुण का नाहीत. पहिल्या पालकसभेत एकदा सांगून ठेवा.

दुसरीची_बाई

लहान वर्गांसाठी थोडक्यात. हेच तंत्र संख्यालेखनाला लागू पडते आणि तिथे मराठीची स्वतःची कारणे आहेत. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारे मूल बोलण्याच्या क्रमाने लिहिते आहे, आधी सात, मग वीस. एकोणतीसला ३९ लिहिणाऱ्याने "तीस" पकडले आहे आणि "एकोण" म्हणजे नऊ एवढेच त्याला माहीत आहे. एकशे पाचला १००५ लिहिणाऱ्याने शंभर लिहून पुढे पाच जोडले. तीन चुका, तीन कारणे, आणि "संख्या नीट लिही" हा शेरा तिघांनाही निरुपयोगी. पहिल्याला दशकांच्या काड्यांचे गठ्ठे, दुसऱ्याला "तीसला एक कमी" असे मोजून दाखवणे, तिसऱ्याला १०० च्या कार्डावर ५ चे कार्ड ठेवून शून्य झाकणे. संख्यावाचनातली ही अडचण ओळखूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी जोड दिली गेली, त्यावर किती वाद झाला ते सर्वांना आठवत असेल. वादात काहीही म्हटले गेले असो, वहीत ७२ दिसले की कारण तेच आहे.

वजाबाकीतही तसेच. ५२ − २७ = ३५ मध्ये मूल हातचा विसरलेले नसते, दर घरात मोठ्यातून लहान वजा करते. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांची पद्धतशीर मांडणी केली, त्यात ही ठळक आहे. निदानाला ५२ − २७ शेजारी ५७ − २२ द्या. दोन्हींचे उत्तर ३५ आले की मुलालाच विचारा, दोन्ही सारखे कसे?

वहीतपासणी

एक इशारा राहिला. दुरुस्तीच्या नादात आपण मुलांना युक्ती देतो: "दोन्हीकडे अंक सारखे करा, कमी असतील तिथे शून्य लावा." ०.३५ आणि ०.६०, झाले. उत्तरे एका दिवसात सुधारतात. पण त्याने "लांब तो मोठा" हा नियम मोडत नाही, तो नियम चालेल अशी संख्या फक्त तयार होते. मूल अजूनही पस्तीस आणि साठच पाहते आहे.

म्हणून फेरतपासणीत तुलना देऊ नका, किंवा नुसती तुलनाच देऊ नका. हे विचारा: "०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का? असल्यास लिही." गैरसमज टिकून असेल तर "नाही" येते, कारण तीन आणि चारच्या मध्ये काही नसते. काही मुले ०.३५ एकच लिहितात आणि थांबतात, त्यांना ०.३५ आणि ०.३६ च्या मधली विचारा. फेरतपासणी दोनदा हवी: एकदा दोन दिवसांनी, एकदा १५ दिवसांनी, संख्या बदलून. पहिली जमली आणि दुसरी बिघडली तर आश्चर्य वाटू देऊ नका. जुना नियम मुलाने दोन-तीन वर्षे वापरलेला असतो. तेव्हा नवे काम देण्याऐवजी त्याने रंगवलेले तेच दोन चौरस पुन्हा समोर ठेवा.

चुकीचे उत्तर फळ्यावर चर्चेला घ्यायचे असेल तर ते स्वतःच्या अक्षरात, बदललेल्या संख्यांसह लिहा. "एका मुलाने असे सोडवले, त्याने काय विचार केला असेल?" असा प्रश्न ठेवा. बरोबर की चूक हे शेवटी. मुलाची वही दाखवू नका, झाकलेल्या नावानेही नाही. वर्गात अक्षर सगळ्यांना ओळखता येते.

सहावी_गणित

फेरतपासणीसाठी हा दुसरा संच तयार केला. मधल्या संख्येचा प्रश्न वेगळा विचारीन. सूचना "मोठ्या संख्येला गोल करा" अशी आहे. काही सुटले आहे का पाहावे.

१) ७.४२ आणि ७.३
२) ०.९ आणि ०.८६
३) १.५८ आणि १.५
४) ०.७ आणि ०.६
५) ६.०३ आणि ६.२
६) ८.४ आणि ८.४०

वहीतपासणी

पहिली जोडी बदला. ७.४२ हीच लांब आहे आणि हीच मोठी आहे, त्यामुळे ल गटाचे मूल चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर देईल. तिसऱ्या जोडीचे काम तेच आहे, म्हणजे एक जागा वाया गेली. ७.३ ऐवजी ७.५ ठेवा. बाकीच्या जोड्या चालतील.

सूचनाही बदला. "मोठ्या संख्येला गोल करा" म्हटले की सहाव्या जोडीतही मूल एकाला गोल करणारच, समान आहेत हे माहीत असले तरी. मग ते कागदावर उगाच चुकलेले दिसेल. दोन संख्यांच्या मध्ये रिकामी चौकट काढा आणि वर लिहा: "<, > किंवा = यांपैकी योग्य चिन्ह लिही."